शीर्षक नसलेला माणूस

मिरजेच्या त्या रुग्णालयात नातेवाइकांना पहिल्या दिवशी एक विचित्र प्रश्न विचारत असत. घरात वस्तू जागच्या जागी ठेवणारे कोण आहे? बहुतेक जण एखाद्या सुनेकडे नाहीतर आत्याकडे बोट दाखवत. अनुजाने वडिलांकडे दाखवले.

"बाबांनी जन्मभर तेच केलंय," ती म्हणाली. "कॉलेजच्या लायब्ररीत तालिका करायचे, म्हणजे कुठलं पुस्तक कुठं ते सांगणारी कार्डं. घरात मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या आहेत. गोडा मसाला, हेही पहा कांदा-लसूण."

डॉ. मेहजबीन मुजावर हसल्या, आणि मग एकदम गंभीर होऊन त्यांनी खुर्ची पुढे ओढली. तालिकाकार त्यांना आजवर मिळाला नव्हता. श्रीकांत मगदूम मात्र चपलांकडे बघत राहिले. चारचौघांत आपले नाव निघाले की त्यांना तसेच होई. शेजारी बसलेली त्यांची बायको, पद्मजा, पदराचे टोक बोटाला गुंडाळत पुन्हा विचारत होती, की हे कुठले स्टेशन आहे आणि आपल्याला उतरायचे कुठे.

डॉक्टरांनी समजावून सांगितले ते असे. आठवण मेंदूत एका जागी नसते. लग्नाची आठवण घ्या. सनईचा सूर एकीकडे, अक्षतांचा रंग दुसरीकडे, जिलबीची चव तिसरीकडे आणि पोटातली धाकधूक आणखी कुठेतरी, असे तिचे तुकडे पसरलेले असतात. कानाच्या पातळीला, पुष्कळ आत, हिप्पोकॅम्पस नावाचा करंगळीएवढा भाग असतो. तो तुकडे साठवत नाही. कुठले तुकडे एका वेळी बाहेर काढायचे, एवढेच तो जाणतो. पद्मजाच्या आजारात आधी तोच झिजतो. पुस्तके मांडणीवर शाबूत असतात, पण तालिकेचे कपाट जळालेले असते.

त्या जागी आता एक जाळी बसवता येत होती. रुग्णाच्याच पेशींपासून वाढवलेली, केसाहून बारीक धाग्यांची. रुग्णाला वास द्यायचे, आवाज ऐकवायचे, फोटो दाखवायचे. मेंदूतले कुठले तुकडे एकत्र उजळतात ते यंत्र टिपून घेई आणि पडद्यावर त्यांचे पुंजके दिसत. पण पुंजका म्हणजे काय, हे यंत्राला कळत नसे. आजोळ, मामाचे घर आणि शिरोळ ही तीन ठिकाणे की एकच, हे माणसानेच प्रत्येक पुंजक्याला शीर्षक देऊन सांगावे लागे. आणि तेही एकाच माणसाने. पूर्वी एका घरातल्या तिघा भावांनी मिळून शीर्षके दिली, तर बरे झालेल्या वडिलांना आपल्याला तीन वेगवेगळ्या आया होत्या असे आठवू लागले. म्हाताऱ्याने तिघींचे श्राद्ध घालायचा हट्ट धरला होता. डॉक्टरांनी हे हसत सांगितले, पण श्रीकांत हसले नाहीत.

जाळी बसल्यावर काही आठवडे मऊ असते, मग पेशी तिच्याभोवती वाढून ती पक्की होते. पक्की झाली की यंत्राला तिथे काही बदलता येत नाही.

श्रीकांत रोज सकाळी काचेच्या खोलीत पडद्यासमोर बसू लागले. पलीकडे पद्मजाला आंबाडीच्या भाजीचा वास देत, सायकलची घंटा ऐकवत, तिच्या आईच्या जुन्या लुगड्याची घडी दाखवत. पडद्यावर पुंजका उजळे आणि खाली प्रश्न येई: शीर्षक? त्यांचा पिंडच संशयी. 'आजोळ' लिहिले की वाटे, 'शिरोळ' लिहायला हवे होते. मग 'शिरोळ, पहा: आजोळ' अशी नोंद करत. एका गोष्टीला एकच शीर्षक, बाकीच्या नावांवरून तिकडे बोट दाखवायचे, ही त्यांच्या धंद्याची शिस्त. पण दुपारी डबा खाताना वाटे, पुस्तकाचे शीर्षक चुकले तर वाचक फार तर हात हलवत परत जातो. इथे चुकले तर?

त्यातून पद्मजाचे मन म्हणजे शिस्तीचा दुष्काळ. वांग्याच्या भावावरून निघालेली तिची गोष्ट चुलतसासऱ्यांच्या मोतीबिंदूवरून सर्कशीतल्या उंटापर्यंत जाई आणि ऐकणाऱ्याला वांगी घ्यायची राहिली याचेही भान नसे. श्रीकांत ऐकत. लग्नाला चाळीस वर्षे होऊन गेली होती आणि घरात बोलायचे काम तिच्याकडे, ऐकायचे यांच्याकडे, ही वाटणी कुणी न ठरवता ठरून गेली होती. आता ते वांग्याला एक खण देत होते, उंटाला दुसरा, आणि मध्ये 'हेही पहा'ची बारीक दोरी बांधत होते.

काम संपत आले तेव्हा यंत्राने तो प्रश्न विचारला. पद्मजाच्या विशी-पंचविशीपासूनच्या जवळजवळ प्रत्येक पुंजक्यावर एक राखाडी छटा होती. स्वयंपाकघरावर, बाळंतपणावर, आईच्या मृत्यूवर, सहलींवर, दुखण्यांवर. छटा एकच, सगळीकडे पसरलेली. शीर्षक?

श्रीकांतना लगेच कळले. हा मी.

त्यांचे बोट कळीवर थांबले. स्वतःचे नाव लिहायचे म्हणजे त्यांना नेहमीच संकट वाटे; लग्नपत्रिकेवरसुद्धा ते त्यांना मोठे दिसले होते. पण केवळ लाज नव्हती. धंद्यातला एक पक्का नियमही होता. शेतकी कॉलेजच्या ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाला 'शेती' हे शीर्षक कुणी देत नाही. जे सगळ्यांनाच लागू पडते त्यावरून काहीच शोधता येत नाही, नुसती गर्दी होते. त्यांनी लिहिले: सामान्य. यंत्राने विचारले, सामान्य घटक शोधासाठी वापरला जाणार नाही, चालेल? त्यांनी चालेल म्हटले. अनेक दिवसांत पहिल्यांदाच त्यांना आपण काहीतरी निःसंशय बरोबर केले असे वाटले.

जाळी चालू केली त्या सकाळी अनुजा आईचा हात धरून बसली होती. पद्मजाने डोळे उघडले, छताकडे पाहिले, मग डॉक्टरांकडे.

"तुमच्या भुवईवर ती खूण कसली, विचारायचं राहून गेलंय," ती म्हणाली. मग लेकीकडे वळली. "परत केस कापलेस? चिमणीसारखं डोकं दिसतंय."

अनुजा हसता हसता रडायला लागली. पद्मजाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, जावयाच्या गुडघ्याची चौकशी केली, डाव्या बाजूला उभ्या नर्सला तिच्या गावाचे नाव बरोबर सांगितले. श्रीकांत पलंगाच्या पायथ्याशी होते. तिची नजर फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आली.

ओठांवरचे हसू तसेच राहिले, पण डोळ्यांतून ते निघून गेले. तिने चादर गळ्यापर्यंत ओढली आणि लेकीच्या कानाशी, पण खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा इथंपण आलाय."

त्या दिवसापासून श्रीकांतना तिच्यासमोर यायची मनाई झाली. रुग्णालयाच्या आवारात बऱ्या होत आलेल्या रुग्णांसाठी बैठ्या खोल्या होत्या, त्यांतल्या एकीत पद्मजा आणि अनुजा राहू लागल्या. श्रीकांत मागच्या व्हरांड्यात बाकावर बसत. खिडकीला डासांची जाळी होती आणि तिच्यातून बोलणे ऐकू येई. ऐकू नये असे त्यांना वाटे, आणि उठवतही नसे.

"माझं लग्न झालं ते आठवतंय मला," पद्मजा सांगत होती. तिचे बोलणे आता सरळ, मुद्द्याचे झाले होते. "हार घातलेला आठवतोय. गळा आठवत नाही. पण तो तिथं आहे. तू झालीस तेव्हा खिडकीपाशी तो. आई गेली तेव्हा ओट्याजवळ तो. गोमटेश्वराला गेलो तेव्हा पायऱ्यांवर, माझ्या मागं. चेहरा दिसत नाही आणि बोलत तर नाहीच. इतकी वर्षं एक माणूस माझ्या मागं लागलाय अनू, आणि तुम्हाला कुणालाच त्याचं काही वाटत नाही?"

अनुजाने सांगितले, की आई, ते बाबा आहेत. पद्मजा म्हणाली, बाबा हा शब्द मला कळतो, पण त्याच्याशी कुठला माणूस जुळत नाही. अनुजाने लग्नाचा अल्बम दाखवला. पाने उलटल्याचा आवाज आला. मग अल्बम मिटल्याचा.

"फोटोतही आहे," पद्मजा अगदी हळू म्हणाली.

व्हरांड्यात श्रीकांतनी मनाने तिच्या जागी बसून तो माणूस पाहिला: प्रत्येक खोलीत, कोपऱ्यात, काही न बोलता उभा. त्यांना स्वतःलाच त्याची भीती वाटली. आणि मग दुसरी, जास्त वाईट भीती आली. ही सगळी जाळीचीच करामत असेल, की तिच्या मनात आधीही असेच होते?

डॉ. मुजावर यांनी त्यांना बोलावून घेतले. राखाडी छटेला सामान्य का केले, असे त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारले. श्रीकांतनी शेतकी कॉलेजचा नियम सांगितला.

"लायब्ररीत बरोबर आहे ते," डॉक्टर म्हणाल्या. "इथं मात्र त्यामुळं तो माणूस सगळीकडे दिसतो, पण कोण ते सापडत नाही. मीही बघायला हवं होतं. तुमच्यावर सोपवून मोकळी झाले."

मग त्यांनी परिस्थिती सांगितली. जाळी उद्यापर्यंत मऊ आहे. एकतर त्या छटेला शीर्षक द्यायचे आणि ते एखाद्या मोठ्या शीर्षकाखाली ठेवायचे, म्हणजे पद्मजाताईंना नवरा सापडेल. नाहीतर तिला वर्ज्य करायचे, म्हणजे जाळी ती छटा टाळून पुढे जाईल आणि तो माणूस सगळ्या आठवणींतून नाहीसा होईल. काहीच केले नाही तर आज आहे तसेच पक्के होईल. पुढे मेंदू आपणहून नवी शीर्षके करतो, पण हळूहळू, आणि त्यात कुणाचा हात चालत नाही. पद्मजाताई सगळ्या चाचण्यांत उत्तीर्ण झाल्या आहेत; कायद्याने आता त्यांचे डोके त्यांचे. आणि त्यांनी सही करून सांगितले आहे, की त्या माणसाला काढून टाका.

"नोंद मात्र तुम्हीच करायची," डॉक्टर म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाची शिस्त त्या जाळीला चालणार नाही. उद्या सकाळी त्या झोपेत असतील, तुम्ही पडद्यासमोर. तुम्ही काय टाइप करता ते खरं तर मी बघायला हवं. पण माझं लक्ष त्यांच्या रक्तदाबाकडे असेल."

डॉक्टर टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या. श्रीकांतना अर्थ कळला.

किती सोपे होते. वर्ज्य न लिहिता स्वतःचे नाव लिहायचे. तिला जाग येईल, ती 'अहो' म्हणेल, चहा झाला का विचारेल. कुणाला कळणार नाही. आवारातल्या गुलमोहराखाली बसून त्यांनी ती नोंद मनात करून पाहिली. नाव. मग यंत्र विचारणार: कशाखाली?

माया? आधार? सवय? संसार? ते एकेक शब्द घेत गेले आणि प्रत्येक शब्दापाशी अडले. हिच्या मनात आपण कशाखाली होतो? इतकी वर्षे एका ताटलीतली भजी खाल्ली, एका छत्रीतून चाललो, आणि हे कधी विचारले नाही. समजा, उद्या मायेखाली ठेवले आणि ते तसे नव्हतेच? ती उठून प्रेमाने बघेल. आणि आपण मरेपर्यंत त्या नजरेत स्वतःचे अक्षर वाचत बसू.

ते उठले आणि, मनाई असताना, त्या खोलीकडे चालू लागले.

दुपारची वेळ होती. अनुजा जेवणाचे डबे आणायला गेली होती. पद्मजा पलंगावर मेथी निवडत बसली होती. काहीतरी काम हवे म्हणून तिने मागून घेतली होती. दारात सावली पडताच तिने वर पाहिले, आणि तिचा हात उशाच्या बेलवर गेला.

"जेवलीस?" श्रीकांतच्या तोंडून निघून गेले.

"ओळख नसताना एकेरीवर येऊ नका."

"चुकलं. जेवलात का तुम्ही?"

तिचे बोट बेलवर होते, पण बेल दाबलेली नव्हती. श्रीकांतनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले नाही.

"मीच तो," ते म्हणाले.

"माहीत आहे. म्हणून तर बेल धरून बसलेय."

श्रीकांत आयुष्यात सलग इतकी वाक्ये क्वचितच बोलले असतील. त्यांनी सांगितले, की शीर्षके मीच दिली. माझे द्यायचे राहिले, कारण मला वाटले ते सगळीकडे आहेच. उद्या तुम्ही म्हणता तसे मी मला काढून टाकणार आहे. पण नाव घालायचीही सोय आहे आणि कुणी बघणार नाही, तेव्हा माझा मला भरवसा नाही, म्हणून इथे आलो. शेवटी त्यांनी विचारले, "तो माणूस तुम्हाला काही करतो का?"

पद्मजा मेथीच्या काडीकडे बघत राहिली. मग ती आठवू लागली.

"टायफॉइडचा ताप आहे मला," ती म्हणाली. "खोलीत मी एकटी. तो दारात उभा. सकाळी उभा, दुपारी उभा, दिवे लागले तरी उभा. आत येत नाही. जातही नाही. मी बोलत राहते, तोंडाला येईल ते, तापातसुद्धा. कारण मी गप्प बसले की खोलीत नुसता तोच उरतो." तिने मान वर केली. "काय करत होता तो तिथं?"

त्या वेळच्या डॉक्टरांनी तिला झोपू द्यायला सांगितले होते, हे खरे उत्तर होते. श्रीकांतच्या ओठांवर आलेही. पण ते पुरते खरे नव्हते.

"भीत होतो," ते म्हणाले.

"कशाला?"

"आत आलो आणि तुमचा श्वास चालू नसला तर, म्हणून. दारातून पांघरूण हलताना दिसायचं. तेवढं बघत होतो."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेले.

"मला वाटायचं, तो माझ्या मरणाची वाट बघतोय," पद्मजा म्हणाली.

"नाही हो."

"ते आता मला कसं कळणार?"

"नाही कळणार," श्रीकांतनी कबूल केले.

तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. बोट बेलवरून हलले नव्हते. "उद्या तुम्ही काढून टाकलंत, तर त्या तापात मी एकटीच उरेन. दार उघडं, आणि दारात कुणी नाही. असंच ना?"

"असंच."

ती पुन्हा तिथे गेली असावी, त्या खोलीत, कारण तिचे डोळे मिटले आणि कपाळावर आठी आली. उघडले तेव्हा त्यांत भीती तेवढीच होती, फक्त ती आता सरळ त्यांच्याकडे बघत होती.

"तेही नको," ती म्हणाली.

"मग नाव घालू? तुम्ही सांगाल तिथं, तुम्ही सांगाल ते."

"तुम्ही काही घालू नका. आतापर्यंत सगळं तुम्हीच घातलंत." ती थांबली. "आधी कशाखाली ठेवलं होतं मी तुम्हाला?"

"मला माहीत नाही. विचारलं नाही कधी."

"म्हणजे दोघांपैकी कुणालाच माहीत नाही." तिला क्षणभर हसू येईल असे वाटले, पण आले नाही. "डॉक्टरांना मी सांगते, उद्या काही करू नका म्हणून. राहू दे तसंच. तापातल्या त्या खोलीत तुम्हालाही भीती होती आणि मलाही. तर सध्या तुम्हाला भीतीखालीच ठेवते. पुढं माझं मी बघेन."

श्रीकांतनी मान हलवली. मनात आले ते आभार होते की आणखी काही, हे त्यांना ठरवता आले नाही, आणि या खेपेला त्यांनी ठरवायचा प्रयत्नही केला नाही.

"उद्या या," ती म्हणाली. "अनू असताना. आणि आलात तर बोला. काहीही बोला, पण बोला."

ते वळून बाहेर आले. तिच्या पावलांचा आवाज दारापर्यंत आला, दार लागले, आणि आतून कडी बसली. श्रीकांत कडीच्या त्या आवाजाकडे कान लावून थांबले. मग आपण पुन्हा दारातच उभे आहोत, आणि फटीतून तिला आपली सावली दिसत असेल, हे ध्यानात येताच ते घाईघाईने पायऱ्या उतरून उन्हात गेले.